मी न वाचलेलं वाक्य

प्रिय ताई,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझा पुढचा सगळा दिवस जातो. म्हणून लिहिते आहे. तुझी सवय मला माहीत आहे, काहीही वाचायला हातात आलं की तू आधी शेवट बघतेस. या वेळी तसं करू नकोस. मला हे ज्या क्रमाने कळलं त्याच क्रमाने तुला कळायला हवं, नाहीतर तुला वाटेल की मी पप्पांची बाजू मांडायला बसले आहे. वकीलबाई हे नाव त्यांनीच मला ठेवलं, पण त्यांची वकिली मी कधी केली नाही. या दोन वर्षांत तर मुळीच नाही. त्यांच्यावर संशय घेणारी तू एकटीच होतीस असं तुला वाटत असेल, तर तसं नव्हतं. मीही घेत होते, फक्त त्यांच्यासमोर बसून जेवताना घेत होते.

त्यांची स्मरणसभा गेल्या रविवारी झाली. सभेचं ठरलं तेव्हा पाळकसाहेब घरी आले होते. पप्पांच्या खुर्चीत बसायचं त्यांनी टाळलं आणि बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे छातीला लागत होते तरी उठले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की इतकी वर्षं ज्यांनी चर्चच्या मंडळीची वडीलकी सांभाळली आणि मोडायला आलेले कितीतरी संसार सांधले, त्यांच्याबद्दल परक्याने बोलण्यापेक्षा घरच्याने बोलावं. आई चारचौघांत उभी राहून बोलणार नाही, तू येणार नाहीस, उरले मी. मी मान हलवली. जाताना ते दारात थांबून म्हणाले, बाकी तुला सुचेल ते बोल, पण एक वाक्य येऊ दे, लोकांना तेच ऐकायचं आहे: "त्यांच्या खोलीत बोललेला शब्द कधी त्या खोलीबाहेर गेला नाही." सभेच्या पत्रकावर फोटोखाली हेच वाक्य छापायला त्यांनी आधीच देऊन टाकलं होतं.

मी ते वाक्य कागदावर उतरवलं आणि तिथेच अडकले. खरं असतं तर डोळे मिटून म्हटलं असतं. पण ते खोटं आहे असं म्हणणारी एक व्यक्ती या जगात आहे आणि ती माझी सख्खी बहीण आहे. चर्चमध्ये पप्पांच्या फोटोशेजारी उभं राहून ते म्हणायचं म्हणजे सर्वांदेखत तुला खोटं पाडायचं, आणि गाळायचं म्हणजे पप्पांना. मग मी ठरवलं, आधी खरं काय ते शोधायचं आणि मगच तोंड उघडायचं.

तुला माहीत असलेलंच थोडं पुन्हा लिहिते, कारण मला नक्की काय ठाऊक होतं आणि मी नुसतं काय धरून चालले होते हे मला वेगळं करायचं आहे. बाळ गेल्यानंतर तू आणि भाऊजी एका घरात राहून एकमेकांशी बोलेनासे झालात. आमच्यासाठी तुम्ही बसा अशी तू पप्पांना गळ घातलीस. ते तयार नव्हते. डॉक्टरसुद्धा स्वतःच्या पोराचा दात स्वतः उपटत नाही, असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. तू म्हणालीस, परक्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. शेवटी ते बसले. त्या दुपारी त्या खोलीत तू पहिल्यांदा बोललीस, की तुला पुन्हा मूल नको आहे, आता नाही आणि नंतरही नाही. भाऊजींनीसुद्धा ते तिथेच पहिल्यांदा ऐकलं. हे मला नंतर तूच सांगितलंस. खोलीत तुम्ही तिघंच होतात. आणि थोड्याच दिवसांनी, रविवारी उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर एका आजींनी तुझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाळा, लेकराला नाही म्हणू नये." त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

घरी पप्पा बूट काढत होते. एक निघाला होता, दुसऱ्याची गाठ सुटत नव्हती. तू त्यांच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "माझं दुःख तुम्ही वाटून टाकलंत." ते मान वर करून तुझ्याकडे बघत राहिले. मी कोपऱ्यात उभी होते आणि वाट बघत होते की आता ते नाकारतील, रागावतील, निदान कोणी काय म्हटलं ते तरी विचारतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते म्हणाले, "जबाबदारी माझी आहे." एवढंच. तू बॅग भरलीस. तेव्हापासून फोनवर त्यांचा आवाज आला की तू फोन ठेवायचीस आणि आईचा आला की बोलायचीस. दफनाला आलीस तीसुद्धा फाटकाजवळ उभी राहून परत गेलीस, घराची पायरी चढली नाहीस. मी तुला दोष देत नाही. ज्याने आरोप नाकारलाच नाही, त्याच्या बाजूने कोणी काय बोलायचं?

त्यानंतर त्यांनी जोडप्यांना भेटणं बंद केलं, हे तुला आईने सांगितलं असेल. मंडळीत सांगितलं की आता दम लागतो. मला ते पटलं नाही. दम लागणारा माणूस शिडी लावून चर्चच्या छपरावरची पन्हळ साफ करत नाही, आणि ते काम पप्पा शेवटपर्यंत करत होते. ज्याच्या हातून काही घडलं नाही तो इतक्या वर्षांचं काम एका दिवसात का सोडेल, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा, ते उठून तुझ्या दारात का गेले नाहीत. आणि तिसरी गोष्ट मी रोज बघत होते. तुझं नाव निघालं की पप्पा आईकडे बघायचे आणि आई दुसरीकडे बघायची. दोघं मिळून काहीतरी लपवताहेत असं मला वाटायचं. तेवढं खरं निघालं.

आधी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. ती आहे तशीच आहे. जोडप्यासाठी दोन खुर्च्या शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड केलेल्या, आणि बाजूला पप्पांची. समोरासमोर बसवलं की माणसं भांडतात, एकाच खिडकीतून बाहेर बघायला बसवलं की बोलायला लागतात, असं ते म्हणायचे. बोलताना कुणी वेळ बघू नये म्हणून घड्याळ काढलं होतं, त्याची गोल खूण भिंतीवर आहे. खणात हातरुमालांची चळत आहे, आईने धुऊन इस्त्री केलेली. कोण रडलं ते तिने कधी विचारलं नाही, नुसते रुमाल धुतले. आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, तिथे रेडिओ. जोडपं आत गेलं की आई रेडिओ लावायची. मोठ्याने नाही, पण आतला शब्द पुसला जाईल एवढा. गाणी, बातम्या, शेतकऱ्यांसाठी हवामान, जे लागेल ते. माझी परीक्षा तोंडावर असली तरी तो बंद करायची मुभा नव्हती. पप्पा एकदा म्हणाले होते की माझं अर्धं काम तुझी आई रेडिओ लावून करते. शेजारच्यांना वाटायचं, या घराला संगीताचा भारी नाद आहे.

खोलीने काही सांगितलं नाही. मग मी शिंपीकाकांकडे गेले. ते आणि काकू एकदा वेगळे राहायला लागले होते आणि पप्पांनी त्यांना पुन्हा एका दुकानात आणलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काका मशीनवर, काकू काजं करत, आणि दोघांचं आधी कोण बोलणार यावरून सुरू झालं. काकूंचं म्हणणं, हा माणूस पप्पांसमोर मुलासारखा रडला. काकांचं म्हणणं, डोळ्यात खडूची भुकटी गेली होती. काकू म्हणाल्या, खडू तुमच्या डोळ्यात सोडून सगळीकडे असतो. मी हसले आणि विचारलं की पप्पांनी त्यांना नक्की काय सांगितलं होतं. तेव्हा काका म्हणाले, उपदेश असा काही केला नाही, स्वतःच्या घरचं सांगितलं. तुझ्या आईने त्यांनी घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घातली, तो त्यांना अपमान वाटला, ते किती दिवस धुसफुसत होते, ते सांगितलं. ओट्याखालचा खण अडकतो, तो कोणी दुरुस्त करायचा यावरून झालेलं भांडण सांगितलं. काका हे सगळं इतक्या प्रेमाने सांगत होते. ताई, आपल्या ओट्याखालचा कुठला खण अडकतो हे शिंपीकाकांना ठाऊक आहे. ज्याने खण बाहेर नेला, त्याने तुझं बोलणं का नेलं नसेल?

मी धीर करून तुझं विचारलं. काकूंनी दातांनी धागा तोडला आणि आधी काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ते काही तुझ्या पप्पांनी आम्हाला सांगितलं नाही. फार चटकन म्हणाल्या. मी विचारलं, मग कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, आता कोण कुणाला सांगतं, कानावर येतं. कुणाच्या तोंडून, म्हटल्यावर त्यांनी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं नाव घेतलं.

ऑर्गनच्या बाई चर्चमध्येच सापडल्या, फडक्याने पट्ट्या पुसत होत्या. त्यांनी काही लपवलं नाही, उलट त्यांना नवल वाटलं की मी हे विचारते आहे. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही तर ते प्रार्थनेत घेतलं होतं. विनंती तुमच्या घरातूनच आली होती." मला पुढे विचारायचं धाडस झालं नाही. प्रार्थनेच्या विनंत्या मंडळीसमोर कोण वाचतं? मंडळीचे वडील म्हणून इतकी वर्षं पप्पाच वाचत होते. मला वाटलं, संपलं. तू बरोबर होतीस. त्यांनी तुझं बोलणं विनंती म्हणून वाचलं आणि त्यांना ते पुण्याचं काम वाटलं असेल. बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले, जिथे त्या आजींनी तुझा हात धरला होता तिथेच. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची किळस आली. हे त्यांच्यामागे लिहायला लाज वाटते, पण आली.

तरी एक काटा राहिला होता. त्यांनी आईच्या गोष्टी लोकांना सांगितल्या, हे आईला माहीत होतं का? मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, कपड्यांची गोष्ट ना? ती मीच सांगू दिली. खणाचीही. मग तिने मला जे सांगितलं ते तुलाही ठाऊक नसेल, कारण तू तेव्हा मावशीकडे शिकायला होतीस. लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं आई चर्चमधल्या बायकांना इतकी बुजायची, की रविवारी निघण्याआधी आरशासमोर उभी राहून "कशा आहात, बऱ्या आहात ना" असं म्हणून बघायची. पप्पा मंडळीचे नवे वडील झाल्यावर एकदा उपदेश देताना त्यांनी ही गोष्ट सांगितली. प्रेमाने सांगितली. सगळी मंडळी प्रेमानेच हसली. आई समोर बसली होती. त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणं सोडलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की माझं बोलणं सगळ्यांपर्यंत पोचणार असेल तर मी बोलतच नाही. कितीतरी महिने घरात निरोप मी नेत होते. पप्पांना सांग पाणी तापलंय. आईला सांग मी जातो आंघोळीला. मला तो खेळ वाटायचा. एकदा मी "लवकर जा" असं पदरचं जोडलं तर आई रागावली, मी म्हटलं तेवढंच सांगायचं. शाळेत जायच्या आधी मी घरात शिकले ते हे. माणसाचा शब्द न वाढवता, न घटवता न्यायचा. मला वाटत होतं माझा स्वभावच तसा आहे.

त्या महिन्यांनंतर पप्पांनी आईला शब्द दिला, की तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. रेडिओ तेव्हापासूनचा. ते पाळलं का, मी विचारलं. तिने होय म्हटलं. मग ताईच्या वेळी का मोडलं, असं मी विचारलं. आई उठली आणि म्हणाली, भाजी करपेल. ताई, शेगडीवर काही नव्हतं. ती रिकाम्या शेगडीसमोर पाठ करून उभी राहिली. मी समजले, ही त्यांना पांघरूण घालते आहे. मेल्यावरही.

सभेला चर्च भरलं होतं. मी बोलत गेले. दोन खुर्च्यांबद्दल बोलले, घड्याळाबद्दल बोलले, रुमालांबद्दल बोलले. लोक हसले, कोणी डोळे पुसले. मग त्या वाक्याची जागा आली आणि मी ते गाळलं. वाटलं होतं कुणाच्या लक्षात येणार नाही, पण वाक्य प्रत्येकाच्या हातातल्या पत्रकावर छापलेलं होतं, आणि बहुतेक सगळे त्याचीच वाट बघत होते. मी "आमेन" म्हटलं तेव्हा चर्चमध्ये अशी शांतता पसरली की पत्रकं हलल्याचा आवाज आला. पाळकसाहेब खाकरले. ऑर्गनच्या बाईंनी गडबडीने गीत सुरू केलं, तेही भलत्याच पट्टीत. बाहेर पायऱ्यांवर माणसं दोघं-तिघं मिळून उभी होती आणि मी जवळ आले की गप्प होत होती. शिंपीकाका तेवढे पुढे आले. म्हणाले, "पोरी, तू मुद्दाम गाळलंस?" मी होय म्हटलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि काकूंना घेऊन निघून गेले. म्हणजे त्यांच्याही मनात आता शंका शिरली. आपण रडताना जे बोललो ते कुठे कुठे गेलं असेल, असं त्यांच्या मनात येणारच. ज्यांना पप्पांनी पुन्हा बोलायला शिकवलं त्यांना मी एका क्षणात घाबरवून टाकलं. मला वाटत होतं मी फक्त खोटं बोलायचं टाळते आहे.

घरी आल्यावर आईने चपलाही काढल्या नाहीत. ती सरळ पप्पांच्या खोलीत गेली आणि त्या दोन खुर्च्यांतल्या एकीत बसली. मला पप्पांच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मी तिथे न बसता दुसरीत बसले, तिच्या शेजारी. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "त्या दुपारी मी रेडिओ बंद केला होता."

पुढचं तिने ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते. तुम्ही तिघं आत गेल्यावर तिने नेहमीसारखा रेडिओ लावला. नंतर तुझ्या रडण्याचा आवाज आला. इतकी वर्षं परक्या बायकांचं रडणं तिने गाण्यांखाली दाबलं होतं, पण हे तिला दाबवलं नाही. तिने रेडिओ बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने सगळं ऐकलं. त्यानंतरच्या बायकांच्या प्रार्थनेत, जिथे पप्पा नसतातच, तिने विनंती केली, की माझ्या एका लेकीचं मन मुलासाठी तयार व्हावं म्हणून प्रार्थना करा. नाव घेतलं नाही, असं ती मला समजावून सांगायला लागली. मी म्हटलं, आई, तुला मुली दोन, त्यातली एक बिनलग्नाची. तिचा हेतू वाईट नव्हता, हे मी तिच्या वतीने लिहीत नाही, तिने तसं म्हणायला मला मनाई केली आहे.

मी विचारलं, पप्पांना कधी कळलं? ती म्हणाली, त्यांना तेव्हाच कळलं. रेडिओ थांबलेला त्यांना आत ऐकू आला होता. ते उठून दार उघडू शकले असते, तुला थांबवू शकले असते. पण ते तसेच बसून राहिले. नंतर त्यांनी तिला कबूल केलं, की त्यांनाही वाटलं, आईने ऐकावं. मग तू समोर येऊन उभी राहिलीस. जबाबदारी माझी आहे, हे ते म्हणाले ते तिला झाकायला नव्हतं. जो रेडिओ थांबल्यावरही गप्प बसतो त्याने त्या खुर्चीत बसू नये, असं म्हणून त्यांनी काम सोडलं. म्हणजे, ताई, त्यांनी तुझं बोलणं कुणाला सांगितलं नाही, पण तू अगदीच चूक होतीस असंही नाही. मी हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिते आहे, कारण मला यातलं एक निवडता येत नाही.

मग तू ताईला का नाही सांगितलंस, हे मी विचारलंच. आई म्हणाली, ते रोज म्हणायचे, तू सांग, तुझ्या तोंडून सांग. मी सांगू का, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, कारण ते तिचं बोलणं होतं आणि तिच्या परवानगीशिवाय पप्पा ते नेणार नव्हते. ती उद्यावर ढकलत राहिली. तुझा फोन यायचा, ती भाज्यांचे भाव सांगायची, फोन ठेवायची, आणि पप्पा समोर बसून ऐकत असायचे. ती म्हणाली, तुझं माहेर एका फोनपुरतं उरलं होतं, तेही तुटलं असतं तर तू कुठे गेली असतीस. मला हे पुरतं पटलेलं नाही. मी तिला तसं सांगितलं. मी म्हटलं, तू ताईचा विचार करत होतीस की स्वतःचा? ती म्हणाली, मलाही ते सांगता येत नाही. आणि मी एक वाईट प्रश्न विचारला, की त्या प्रार्थनेत तू ताईसाठी मागत होतीस की नातवासाठी. ती उठली आणि चपला काढायला बाहेर गेली. मी पुन्हा विचारलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पप्पांवर मी जो संशय ठेवून आले तो पुसायचा असेल तर आईला बायकांसमोर उभं राहून सांगावं लागेल की ते आपण केलं. ती तयार आहे. जिने आरशासमोर सराव केल्याशिवाय कुणाला बऱ्या आहात का असं विचारलं नाही, ती तयार आहे. पण ते सांगायचं म्हणजे तुझी गोष्ट पुन्हा लोकांत काढायची, आणि या वेळी तुला विचारल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही. तू नको म्हणालीस तर ते तसंच राहील, लोक पप्पांबद्दल काय वाटायचं ते वाटून घेतील, आणि ती मंडळीत रोज त्यांच्या नजरा झेलेल. ती विचारायला स्वतः येते आहे, शनिवारी सकाळच्या बसने. आधी पत्र जाऊ दे, असं तीच म्हणाली. एकदम दारात उभी राहिले तर आई दमून आली आहे म्हणून ती राग गिळून पाणी आणायला जाईल, तिला आधी मोकळेपणी रागावू दे, असं तिचं म्हणणं. मला ते बरोबर वाटलं, म्हणून लिहायला तयार झाले. सगळी पानं तिने वाचली आहेत. तेव्हा शनिवारपर्यंत तुला जेवढं रागवायचं तेवढं रागव, माझ्यावरही. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. फक्त, नाही म्हणायचं असेल तर ते मला कळवून तिला सांगायला लावू नकोस. ती फोनजवळच बसलेली असते. तिलाच सांग.

तुझीच, आणि या वेळी कुणाचाही निरोप न नेणारी,
वकीलबाई